अडीच महानगरे

पत्र लिहिणाऱ्या भगिनी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावात राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षे नोकरी करून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्यातील बहुतेक वर्षे त्यांच्याकडे भूगोल होता. यंदा गणपतीला मुंबईहून आलेले चुलत दीर, जावा आणि पुतणे रात्रीच्या आरतीनंतर ओटीवर बसले असताना कोणी किती महानगरे पाहिली याची मोजणी सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे अशी आठ नावे कागदावर लिहिली गेली. किमान दोन रात्री मुक्काम आणि एक तरी प्रेक्षणीय स्थळ, असा नियम ठरला. दिरांची आठही भरली, पुतण्याची सहा. बाईंची मुंबई आणि पुणे धरली गेली. दिल्लीत त्या चारधाम यात्रेला जाताना एक रात्र धर्मशाळेत राहिल्या होत्या, म्हणून तिचे अर्धे. 'काकू, तुमची अडीच,' असे पुतण्या म्हणाला आणि सगळे हसले, बाईही हसल्या.

त्या लिहितात, 'नकाशावर बोट ठेवून ज्या शहरांची नावे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली, ती मी स्वतः पाहिलेली नाहीत हे त्या रात्री प्रथमच मोजून कळले. हुगळीच्या काठावरच्या तागाच्या गिरण्या मी दर वर्षी शिकवल्या. ताग मी पोत्यापलीकडे पाहिलेला नाही.' पंधरा दिवसांत उरलेली सहा महानगरे दाखवणारी एक सहल त्यांच्या पाहण्यात आली आहे. दोघांचा खर्च दोन लाखांच्या घरात जातो. यजमान आंब्याची कलमे सोडून यायला तयार नाहीत. 'तू जा, पण पैसे असे उधळू नकोस,' एवढेच ते म्हणतात. बाईंचे प्रश्न तीन आहेत. दिल्ली धरावी की नाही? ही सहल करावी का? आणि या वयात अशी इच्छा होणे हा नुसता हव्यास तर नव्हे?

नमस्कार बाई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की 'अडीच' हा शब्द तुम्ही एकदाच लिहिला आहे, नकाशाचा उल्लेख मात्र पानोपानी आहे. म्हणून मला वाटते की त्या रात्री तुम्हाला दोन वेगवेगळ्या गोष्टी लागल्या आणि एकाच वेळी लागल्यामुळे त्या एकच वाटल्या. एक लागली ती घरच्या माणसांसमोर कमी भरल्याची, आणि दुसरी लागली ती तुमच्या वर्गातल्या मुलांसमोर. पहिलीवर पंधरा दिवसांची सहल हा उपाय होऊ शकेल, कारण कागदावरचा आकडा आठ होईल. दुसरीवर तो उपाय चालेल असे मला वाटत नाही, आणि तुमचे खरे दुखणे दुसरे आहे. तरीही आकड्याचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, तेव्हा त्यालाच आधी हात घालू.

त्या ओटीवर ज्या नियमाने मोजणी झाली, तो नियम कोणी ठरवला? घरच्या यादीतली आठ नावे अगदीच मनाची नाहीत. २०११ च्या जनगणनेत ५० लाखांची रेषा ओलांडलेले नागरी समूह, म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेली वस्ती, नेमके हेच आठ होते. पुणे ती जेमतेम ओलांडते आणि सुरत थोडक्यात अलीकडे राहते. परंतु ५० लाखांचीच रेषा का धरायची? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर क्षेत्राची जी व्याख्या राज्यघटनेत आणली, ती ढोबळ मानाने १० लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीची आहे, आणि असे समूह २०११ मध्ये देशात ५० हून अधिक होते. ही रेषा आपल्या मुलखातून पाहिली म्हणजे केवढी मोठी आहे ते समजते, कारण शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हा सगळा मिळून त्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास होता. म्हणजे सावंतवाडीपासून देवगडपर्यंतची सगळी माणसे एकत्र केली तरी एक महानगर होत नाही. उलट कोणी कोटीची रेषा धरली, तर देशात मुंबई, दिल्ली आणि कोलकाता अशी तीनच नावे उरतात आणि दिरांचे आठ एका झटक्यात तीनवर येतात.

आता १० लाखांच्या रेषेने तुमचाच प्रवास मोजून पाहा. चारधामला जाताना तुम्ही रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीनला गेलात. त्या वाटेवर नाशिक, भोपाळ, ग्वाल्हेर, आग्रा आणि फरिदाबाद येतात, आणि पुढे हरिद्वारच्या बसने गाझियाबाद आणि मेरठ. बारा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या गटाबरोबर नेत्रावती एक्स्प्रेसने तुम्ही तिरुवनंतपुरमला आणि तिथून कन्याकुमारीला गेला होतात, असेही पत्रात आहे. त्या वाटेवर कण्णूर, कोळिकोड, त्रिशूर, कोची आणि कोल्लम लागतात, आणि तिरुवनंतपुरमसह ही सहाही शहरे २०११ मध्ये १० लाखांच्या वर होती. मुंबई, पुणे आणि दिल्ली धरून बेरीज केली तर ती १६ होते. गणपतीच्या रात्री अडीच आणि राज्यघटनेची रेषा लावली की १६, तीही घराबाहेर एक पाऊल न टाकता! खिडकीतून पाहिलेली शहरे धरायची नाहीत असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे मलाही पटते. पण मग तो आणखी एक नियम झाला. माणूस किती हिंडला यापेक्षा नियम कोणी केला, हेच अशा आकड्यांतून अधिक कळते, आणि म्हणून दुसऱ्याच्या नियमाने आलेल्या संख्येची लाज बाळगण्याचे कारण नाही.

केरळचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे आडवाटेला जाते. त्या गाडीत बसून तुम्ही दिवसभर बाहेर पाहत होतात आणि तुम्हाला सहा महानगरे दिसली नाहीत, यात तुमचा दोष नाही. नारळी-पोफळीत सुटी सुटी घरे, मध्येच देऊळ, मशीद, चर्च, पुन्हा घरे, आणि कुठेही 'शहर संपले, गाव लागले' असे म्हणावे अशी मोकळी जागा नाही, ही तिथली किनारपट्टी आहे. आपल्याकडच्या वाड्या जशा एकीतून दुसरीत जातात तशीच ती वस्ती आहे, फक्त कितीतरी दाट. जनगणनेने ती जोडून मोजली म्हणून ती महानगरे झाली. भूगोलाच्या बाईंना ही गोष्ट आठपैकी आठ भरल्याहून अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे.

शहराची हद्दही अशीच फसवी असते. कोलकात्याला जाणारा माणूस हावडा स्थानकावर उतरतो तेव्हा तो कोलकाता शहरात नसतो. हावडा हे हुगळीच्या पश्चिम काठावरचे वेगळे शहर, वेगळा जिल्हा आहे, आणि पूल ओलांडेपर्यंत कोलकाता लागत नाही. बंगळुरूचा विमानतळ देवनहळ्ळीला, म्हणजे बंगळुरू शहर जिल्ह्याच्या बाहेर आहे. गाझियाबाद आणि फरिदाबाद दिल्लीला चिकटलेली आहेत, पण आपली जनगणना नागरी समूह राज्याच्या सीमेपलीकडे नेत नाही, म्हणून ती स्वतंत्र मोजली जातात. आणि सर्वांत जवळचे उदाहरण आपले स्वतःचे आहे. आपण 'कोकणातून मुंबईला जातो' असे म्हणतो खरे, पण कोकण विभागाच्या सात जिल्ह्यांत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे आहेत. मुंबई महानगर प्रदेशाची हद्द तर रायगडात पेण-अलिबागपर्यंत उतरते. तुमच्या दिरांच्या पिढीने ज्याला 'बाहेर' म्हटले, ते महानगर आपल्याच किनाऱ्यावर उभे आहे.

दिल्लीचे उत्तर आता सोपे आहे. महानगरात पाऊल टाकले का, या प्रश्नाला 'हो' हे संपूर्ण उत्तर आहे. पाऊल अर्धे पडत नाही. दिल्ली कळली का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर तुम्ही पत्रात स्वतःच देऊन टाकले आहे. धर्मशाळेच्या दारात पहाटे चहा विकणारा माणूस बिहारमधल्या आपल्या गावी पैसे कसे पाठवतो, हे तुम्ही त्याला विचारले होते, आणि मुंबईहून येणाऱ्या वडिलांच्या मनीऑर्डरी तुम्हाला आठवल्या होत्या. एका रात्रीत दिल्लीविषयी याहून महत्त्वाचे काय कळू शकले असते, ते मला सांगता येणार नाही.

आपल्या मुलखातल्या एका प्रवाशाची इथे आठवण करून देते. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि त्या वर्षीच्या धामधुमीत सापडले. झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने ते राहिले, इंग्रजांचा वेढा आणि त्यानंतरचा संहार त्यांनी आतून पाहिला, आणि परत येताना आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली. त्यांनी किती शहरे पाहिली हे आज कोणी मोजत नाही. ते झाशीत होते, एवढे पुरते. तुमची मंगला एक्स्प्रेसही झाशीवरून गेली होती. झाशी मात्र १० लाखांच्या खाली असल्यामुळे वर मोजलेल्या १६ मध्येसुद्धा बसत नाही.

आता मुंबईविषयी, कारण माझ्या मते तुम्ही सर्वांत मोठा अन्याय मुंबईच्या बाबतीत स्वतःवर केला आहे. तुम्ही लिहिता, 'मुंबईला वीसेक वेळा गेले, पण लग्न, बारसे, मयत किंवा इस्पितळ याखेरीज कशालाच नाही. गेट वे एकदा पाहिला.' या वाक्यातला 'पण' मला मान्य नाही. लालबागच्या चाळीत भावाच्या खोलीवर तुम्ही पहाटे पाण्याच्या वेळेला उठला आहात. वहिनीच्या दुखण्यात तुम्ही नऊ दिवस इस्पितळाच्या व्हरांड्यात चटईवर झोपलात आणि शेजारच्या चटईवरच्या सोलापूरच्या बाईंना डबा दिलात. तुमचे वडील गिरणीत होते, आणि १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते पुन्हा मुंबईला न जाण्यासाठीच. हे शहर तुम्ही पाहिले नाही असे ज्या नियमाने ठरते, तो नियम प्रवासाचा नसून छायाचित्रांचा आहे. ज्यांना महानगर कामासाठी, दुखण्यासाठी किंवा नात्यासाठी भेटते, त्या माणसांना, आणि आपल्याकडच्या बायकांना तर विशेषच, आपण 'प्रवासी' होतो असे कधी वाटतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत हे इतक्या वेळा दिसते की त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

तरीही एक उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. ज्या नळाला तुम्ही पहाटे रांग लावली, त्याचे पाणी कुठून येते, हे तुम्ही वर्गात शिकवले असेल: तानसा, भातसा, वैतरणा. मुंबईचे बहुतेक पाणी ठाणे, पालघर आणि नाशिकच्या डोंगरांतून येते. तानसाचे पाणी १८९२ पासून. आणि ज्या शहापूर तालुक्यात यातले मोठे तलाव आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. भावाच्या खोलीतला नळ आणि भिंतीवरच्या नकाशातली निळी रेघ या दोन गोष्टी तुमच्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत राहिल्या. त्या जोडल्या जातात तेव्हा शहर पाहिले असे मी म्हणेन, आणि त्या जोडण्यासाठी सवड लागते, जी तुम्हाला आजवर कोणी दिली नाही. ती आता तुमच्याकडे आहे.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ देते. हा हव्यास नाही. न पाहिलेली शहरे शिकवणे यात लबाडीही नाही, कारण भूगोल शिकवणाऱ्या कोणीच सगळी पृथ्वी पाहिलेली नसते, आणि तुमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी कितीतरी जण आज तुम्ही बोट ठेवलेल्या गावांत नोकऱ्या करत असतील. परंतु एवढी वर्षे जे दुसऱ्यांना दाखवले ते एकदा आपण पाहावे, असे वाटणे अतिशय रास्त आहे, आणि त्यासाठी निवृत्तीचे पैसे खर्च करणे म्हणजे उधळणे नव्हे. यजमानांना हे तुम्ही याच शब्दांत सांगावे असे मला वाटते. त्यांचा विरोध जाण्याला नाही, 'असे' या शब्दाला आहे.

आणि 'असे' या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. पंधरा दिवस आणि सहा शहरे हा हिशेब कागदावर मांडा. येण्या-जाण्याचे आणि मधल्या प्रवासांचे दिवस वजा केले की एका शहराच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. त्यातून खरेदीचे थांबे, हॉटेलात पोहोचणे, सगळ्यांचे सामान खाली येईपर्यंत बसमध्ये बसून राहणे काढून टाका. हैदराबादेत चारमिनार आणि सालारजंग संग्रहालय, चेन्नईत मरीना आणि कपालीश्वराचे देऊळ, अहमदाबादेत साबरमती आश्रम, हे सगळे खरोखर पाहण्यासारखे आहे; पण अहमदाबादचे जे जुने शहर २०१७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच्या पोळांतून, म्हणजे अरुंद गल्ल्यांच्या जुन्या वस्त्यांतून, बसने जाता येत नाही, तिथे सकाळी दोन तास पायी फिरावे लागते, आणि नेमके तेच अशा कार्यक्रमात बसत नाही. परत आल्यावर तुमची आठ भरतील. ताग मात्र पोत्यापलीकडे गेलेला नसेल.

सहलींना मी सरसकट नावे ठेवत नाही. ज्यांना गुडघ्यांचा किंवा साखरेचा त्रास आहे, ज्यांना हिंदीत बोलण्याचा संकोच वाटतो, ज्या एकट्या आहेत आणि घरचे लोक एकटे सोडत नाहीत, अशा कितीतरी वाचकांना सहलीमुळेच उंबरठा ओलांडता आला आहे, आणि त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. त्यांनी पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. हॉटेल शहरात आहे की बाहेरच्या महामार्गावर, हे पहिले. कारण बाहेर असेल तर संध्याकाळी पाय मोकळे करायलासुद्धा शहर मिळत नाही. आणि कार्यक्रमात एक तरी दुपार मोकळी आहे का, हे दुसरे. शक्य असेल तर सहा शहरांऐवजी दोन शहरांची सहल निवडावी. तेवढ्याच पैशांत आणि त्याहून कमी दमणुकीत ती होते.

तुम्हाला मात्र मी वेगळे सुचवते. एकच शहर निवडा आणि तिथे आठ-दहा दिवस राहा. ते शहर कोलकाता असावे, असे माझे मत आहे.

कारण तुमच्याच पत्रात आहे. हुगळीच्या काठावर रिश्रा येथे १८५५ मध्ये तागाची पहिली गिरणी सुरू झाली, त्याच सुमारास मुंबईत कापसाची पहिली गिरणी उभी राहत होती. १९४७ च्या फाळणीत तागाची बहुतेक शेते सीमेपलीकडे गेली आणि गिरण्या अलीकडे राहिल्या, हे तुम्ही शिकवले आहे. हावड्याहून लोकल गाडीने रिश्रा, श्रीरामपूर, चंदननगर या बाजूला एक दिवस काढून जा. गिरण्यांच्या चिमण्या, कामगारांच्या वस्त्या, नदीचे घाट आणि बिहार-उत्तर प्रदेशातून येऊन तिथे राहिलेली कुटुंबे यांतले काहीच तुम्हाला परके वाटणार नाही. वडील ज्या दिवशी ट्रंक घेऊन गावी परतले तो दिवस ज्या मुलीने पाहिला आहे, तिला त्या काठावर जे दिसेल ते कोणत्याही मार्गदर्शकाला दाखवता येणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा बोचरी आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला 'मराठा खंदक' म्हणत. तो पुढे बुजवला गेला आणि त्याच्या रेषेवरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारच्या बाजूला एका गल्लीच्या नावात तो अजून शिल्लक आहे. मुलांना झोपवताना बंगाली आया ज्या 'बर्गीं'चे नाव घेतात, ते आपल्या 'बारगीर', म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, या शब्दावरून आलेले आहे. आपण वर्गात जो पराक्रम शिकवला, तो दुसऱ्या एका वर्गात भय म्हणून शिकवला जातो, हे त्या रस्त्यावर उभे राहून कळणे मराठी शिक्षिकेसाठी मोलाचे आहे असे मी मानते.

आणि आपल्याला जवळचे असे तिथे पुष्कळ आहे. उत्तर कोलकात्यातल्या कुमारटुलीत मूर्तिकारांच्या गल्ल्या आहेत. आपल्याकडे श्रावणात गणपतीच्या शाळेत शाडूचा जो वास येतो, तसाच नदीच्या मातीचा वास तिथे असतो, फक्त मूर्तीच्या आत गवताचा सांगाडा बांधतात. १८१४ साली स्थापन झालेले इंडियन म्युझियम, जोडासाँकोतले ठाकूरांचे, म्हणजे टागोरांचे घर, कॉलेज स्ट्रीटवरची जुन्या पुस्तकांची दुकाने यांना एकेक सकाळ द्या. १९४३ पासून वापरात असलेला हावडा पूल एकदा पायी ओलांडा, एकदा त्याच्याखालून होडीने जा, आणि एकदा २०२४ मध्ये सुरू झालेल्या, नदीच्या तळाखालून जाणाऱ्या मेट्रोने. देशातली पहिली मेट्रोही १९८४ मध्ये याच शहरात धावली. एकच नदी तीन पातळ्यांवरून ओलांडण्याचा धडा मुलांना शिकवायला तुम्हाला किती आवडला असता!

जाण्यापूर्वी घरी बसून कोलकात्याचा नकाशा न पाहता काढा: नदी, दोन्ही काठ, स्थानके, जे आठवेल ते. तिथे रोज रात्री त्यात भर घाला, आणि पाणी कुठून येते, माणसे कामाला कशी जातात, बाहेरून आलेले कुठे राहतात, हे ज्याला विचारता येईल त्याला विचारा. परत आल्यावर पुन्हा एकदा न पाहता काढा. माझ्या लेखी शहर धरण्याचा नियम एवढाच असावा. तुम्हाला पटला तर वापरा, नाही तर तुमचा तुम्ही करा. ज्या वाचकांना घरात वृद्ध माणसे किंवा लहान मुले असल्यामुळे दूर जाता येत नाही, त्यांनी हाच प्रयोग मुंबईत तीन दिवसांचा करावा. सख्खा भाऊ असताना लॉजवर उतरणे आपल्याकडे कोणालाच रुचणार नाही, तेव्हा उतरावे त्याच्याच घरी. पण 'सकाळी आठला बाहेर पडेन आणि दिवेलागणीला येईन, जेवणासाठी थांबू नका,' हे वहिनीला आधीच सांगून ठेवावे. आपल्या माणसांच्या शहरात परक्यासारखे फिरायला थोडे धैर्य लागते, आणि एकदा सांगून टाकले की ते येते.

यजमानांविषयी. कलमांचे वेळापत्रक तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. भात घरात आले, दिवाळी झाली आणि मोहोरावरच्या फवारण्या अजून जोरात सुरू व्हायच्या आहेत, असे नोव्हेंबरातले दोन-तीन आठवडे तेवढे हलके असतात, आणि कोलकात्याची हवाही तेव्हा सुखाची असते. त्यांना एकदा मनापासून विचारा. ते आलेच नाहीत, तर रागावू नका आणि थांबूही नका. तुमच्याबरोबर निवृत्त झालेल्या सहकारी शिक्षिकेचा पत्रात दोनदा उल्लेख आहे, तिला विचारा. दोघी जणी असलात की खोलीचे भाडे वाटून जाते आणि संध्याकाळी दिवसाविषयी बोलायला माणूस असते. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस नागपूरमार्गे हावड्याला जाते. सुमारे २,००० किलोमीटरच्या त्या प्रवासाला तीस तासांहून अधिक लागतात. ती सकाळी लवकर सुटते, म्हणून आदली रात्र लालबागला काढावी लागेल. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका. पण ४५ वर्षांवरील महिलांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, आरक्षण करताना ती मागून घ्या. रेल्वेचे भाडे, साध्या पण मध्यवस्तीतल्या हॉटेलचे आठ-दहा दिवस आणि जेवणखाण धरूनही तुमचा खर्च सहलीच्या रकमेपेक्षा पुष्कळ खाली राहील. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या शहरासाठी बाजूला ठेवा. पुढचे शहर चेन्नई असेल की हैदराबाद, ते कोलकात्याहून आल्यावरच ठरवा.

दिरांना आणि पुतण्याला उत्तर द्यायचे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ओळींमध्ये ते आहे. माझे ऐकाल तर उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा, आणि खरोखर जाणून घेण्यासाठी विचारा. दीर आठ शहरांत जाऊन आले आहेत. चेन्नईत ते नोकरीच्या निमित्ताने तीन महिने होते असे तुम्हीच लिहिले आहे. तिथे एकटे राहताना संध्याकाळी काय करत, जेवायला कुठे जात, भाषा येत नसताना काय होई, हे त्यांना घरातल्या कोणी आजवर विचारले असेल असे मला वाटत नाही.

पुतण्याला तर मी कामच सांगेन. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली गाडी हवी असेल, तर ती तारीख सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते. तोवर पोरगा मुंबईला परतला असेल, तर त्याला फोन करता येईल. सकाळी आठच्या आधी त्याला उठवा, दोघींची नावे आणि वये एका कागदावर लिहून द्या, आणि खालचे दोन बर्थ काढून घ्या.